विमानाचा माग दाखवणारे अ‍ॅप: दीड वर्षाच्या वापरानंतर

कामानिमित्त महिन्यातून चार-पाच वेळा विमानात बसावे लागले की वेळापत्रकावरचा विश्वास हळूहळू उडतो आणि माणूस स्वतःच चौकशा करू लागतो. त्या चौकशीसाठी मी दीड वर्षापूर्वी विमानांचा माग दाखवणाऱ्या एका अ‍ॅपची सशुल्क आवृत्ती घेतली. अ‍ॅपचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे ज्या तक्रारी येतील त्यांतल्या बऱ्याचशा या जातीच्या सगळ्याच अ‍ॅपना थोड्याफार फरकाने लागू पडतात. घेताना माझे प्रश्न दोनच होते: माझे विमान नक्की केव्हा निघेल, आणि उशीर होणार असेल तर तो कशामुळे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे अ‍ॅप बऱ्यापैकी देते. दुसऱ्याचे क्वचितच देते, आणि त्यामागचे कारण या परीक्षणाचा बराच भाग व्यापणार आहे.

आधी अ‍ॅपला माहिती मिळते कुठून, ते पाहू. आजची बहुतेक प्रवासी विमाने आपले स्थान, उंची आणि वेग १०९० मेगाहर्ट्झवर साधारण सेकंदाला दोनदा स्वतःहून प्रसारित करतात. या पद्धतीला एडीएस-बी म्हणतात. हा संदेश सांकेतिक नसतो, त्यामुळे गच्चीवर छोटी अँटेना लावलेला कोणताही हौशी माणूस तो पकडू शकतो. जगभरातल्या अशा हजारो हौशी मंडळींनी पकडलेले संदेश एकत्र करून अ‍ॅपचा नकाशा तयार होतो. जमिनीवर हे काम झकास चालते. समुद्रावर मात्र अँटेना नसतात. तिथे उपग्रहाकडून आलेले स्थान नसेल, तर अ‍ॅप शेवटच्या ज्ञात स्थानावरून पुढचा मार्ग अंदाजाने रेखाटते. दोन वेळा मी ज्या विमानाची वाट पाहत होतो ते किनाऱ्याजवळ येताच नकाशावर एकदम शंभरेक किलोमीटर मागे सरकले. आधीची वाटचाल अंदाजाची होती हे अ‍ॅपने रंग बदलून दाखवले होते खरे, पण तो रंग इतका फिकट की चष्मा लावूनही सहज कळू नये.

आता या अ‍ॅपची सर्वांत उपयोगी सोय. आपल्या फ्लाइटसाठी जे विमान वापरले जाणार आहे ते आत्ता कुठे आहे, हे एका टिचकीसरशी दिसते. मागच्या हिवाळ्यात गेटवरच्या फलकावर आमचे उड्डाण ‘वेळेवर’ होते आणि सुटायला पस्तीस मिनिटे उरली होती. अ‍ॅपमध्ये पाहिले तर आमच्या वाट्याचे विमान अजून तीनशे किलोमीटर दूर, हवेत. ते उतरणार, टॅक्सी करत, म्हणजे चाकांवर जमिनीवरून चालत, गेटला लागणार, प्रवासी उतरणार, सफाई होणार, इंधन भरले जाणार, आणि लहान विमानालासुद्धा या सगळ्याला निदान अर्धा-पाऊण तास लागतो. निदान अर्ध्या तासाचा उशीर अटळ होता. मी रांगेतून बाहेर पडून फोन चार्जिंगला लावला आणि निवांत बसलो. फलकावर उशीर जाहीर झाला तो वीस मिनिटांनी. गंमत अशी की अ‍ॅपच्या त्याच पानावर, सगळ्यांत वर, हिरव्या अक्षरांत ‘वेळेवर’ असेच लिहिलेले होते, कारण ती पट्टी विमान कंपनीकडून आलेली माहिती जशीच्या तशी छापते. खाली स्वतःच दाखवलेल्या विमानाशी ती ताडून पाहण्याची बुद्धी अ‍ॅपला दिलेली नाही. विमान कंपन्यांच्या नोंदींत एका फेरीचा उशीर पुढच्या फेरीला लागला की ९३ हा संकेतांक पडतो, आणि रोजच्या उशिरांत त्याचा वाटा फार मोठा असतो. हा उशीर अ‍ॅपला सगळ्यांच्या आधी कळू शकतो. तरीही वरची पट्टी हिरवीच राहते.

दुसरी सोय घिरट्या पाहण्याची. विमानतळावर उतरण्यासाठी रांग लागली की विमानांना ठरावीक बिंदूवर लांबट गोल घिरट्या घालायला लावतात. एकाच बिंदूवर एकाखाली एक अशी तीन-चार विमाने, प्रत्येकात १,००० फुटांचे अंतर. सर्वांत खालचे बाहेर पडले की वरचे एकेक पायरी खाली येते. अ‍ॅपमध्ये प्रत्येक चिन्हाशेजारी उंची दिसते, त्यामुळे ११,०००, १०,०००, ९,००० असे आकडे क्रमाने उतरताना पाहता येतात. जुनी हालचाल पुन्हा चालवून पाहण्याची सोयही आहे. एकदा माझ्याच विमानाने पाच घिरट्या का घातल्या, ते घरी येऊन सावकाश पाहिले. आमच्या पुढे एका विमानाने उतरता उतरता पुन्हा झेप घेतली होती आणि धावपट्टी काही मिनिटे अडकली होती. एवढ्या एका सोयीसाठीही ही वर्गणी मला जड वाटत नाही.

आता तक्रार. एका सकाळी दारे वेळेवर बंद झाली, विमान गेटपासून मागे ढकलले गेले आणि बाजूच्या टॅक्सीवेवर जाऊन उभे राहिले. तिथे आम्ही पन्नास मिनिटे बसून होतो. अ‍ॅपवर आमच्या उड्डाणापुढे ‘निघाले, वेळेवर’ असे होते, कारण गेट सोडल्याची नोंद झाली की त्याच्या लेखी विमान निघालेले असते. कॅप्टनने सांगितले की वाटेतल्या एका हवाई क्षेत्रात गर्दी असल्याने आपल्याला उशिराचा स्लॉट, म्हणजे उड्डाणाची नेमून दिलेली वेळ, मिळाला आहे. शेजारच्या गृहस्थांनी माझ्या फोनवरच्या नकाशाकडे बोट दाखवून विचारले, “अहो, गर्दी आहे कुठे? आकाश तर मोकळं दिसतंय.” त्यांचे बरोबर होते. नकाशावर तेवढ्या भागात जेमतेम वीस-बावीस विमाने दिसत होती. (एरवी तोच नकाशा लहान करून पाहिला तर सगळे आकाश पिवळ्या चिन्हांनी गच्च भरलेले दिसते. एकेक चिन्ह कित्येक किलोमीटर जागा व्यापते, त्यामुळे नकाशा पाहून गर्दी ओळखायला जाणे दोन्ही बाजूंनी फसवे आहे.)

गर्दी मोजतात ती जमिनीवरून विमानांना सूचना देणाऱ्या हवाई वाहतूक नियंत्रकाच्या हिशेबाने. देशाचे हवाई क्षेत्र सेक्टरांमध्ये विभागलेले असते. एका सेक्टरवर साधारणपणे दोन जण असतात: एक विमानांशी बोलतो, दुसरा शेजारच्या सेक्टरांशी समन्वय साधून पुढची आखणी करतो. रडारखाली मार्गावरच्या विमानांत सर्वसाधारणपणे ५ सागरी मैलांचे आडवे किंवा १,००० फुटांचे उभे अंतर राखावे लागते. विमानतळाजवळ ते आडवे अंतर ३ मैलांवर येते. मोठ्या विमानामागे मध्यम आकाराचे विमान असेल तर मागे उठणाऱ्या भोवऱ्यांमुळे ते पुन्हा ५ मैल होते. पण खरी मर्यादा मैलांची नाही. तासाभरात एका सेक्टरमध्ये किती विमाने शिरली तर तो माणूस प्रत्येकाशी बोलून, प्रत्येकाच्या वाटेतला संभाव्य छेद आधीच ओळखून सोडवू शकेल, त्यावरून सेक्टरची क्षमता ठरते. सगळी विमाने एकाच दिशेने समपातळीत चालली असतील तर वीस विमाने हा किरकोळ भार आहे. त्यातली निम्मी चढत-उतरत असतील आणि मधोमध पावसाळी ढग उभा असेल, तर तीच वीस विमाने फार होतात. सेक्टर दोन भागांत तोडला तर क्षमता वाढते, पण त्यासाठी आणखी दोन नियंत्रक आणि आणखी एक रेडिओ वारंवारिता लागते, आणि तुकडे फार लहान केले तर नियंत्रकांचा वेळ विमाने एकमेकांकडे सोपवण्यातच जातो. कोणी रजेवर गेले की उलटे घडते. दोन सेक्टर एकत्र केले जातात आणि आकाश तेवढेच राहून क्षमता घटते.

मागणी क्षमतेच्या वर जाणार असे दिसले की प्रवाह व्यवस्थापन करणारे केंद्र विमानांना जमिनीवरच थोपवते. युरोपात हे काम ब्रुसेल्सहून चालते, अमेरिकेत व्हर्जिनियातल्या वॉरेंटनहून. हवेत घिरट्या घालत इंधन जाळण्यापेक्षा इंजिन बंद ठेवून उभे राहणे सुरक्षित आणि स्वस्त, इतका सरळ हिशेब त्यामागे आहे. युरोपात अशा विमानाला उड्डाणाची ठरावीक वेळ दिली जाते आणि तिच्या पाच मिनिटे आधीपासून दहा मिनिटे नंतरपर्यंतच सुटता येते. स्लॉट तासाभराने असताना प्रवाशांना आत का कोंबतात, हा प्रश्न मला फार दिवस छळत होता. आतून दारे लावून ‘तयार’ म्हणून कळवलेल्या विमानाला मधेच एखादी जागा रिकामी झाली तर पुढे ओढता येते, हे त्याचे उत्तर. थोडक्यात, क्षमतेअभावी होणारा उशीर व्यवस्था जाणूनबुजून जमिनीवर साचवते, आणि माझ्या हातातले अ‍ॅप मात्र आकाशाचा नकाशा आहे. जे विमान अजून उडालेच नाही त्याचा माग ते काढणार कसा? उभ्या विमानाचे ट्रान्सपाँडर, म्हणजे स्थान प्रसारित करणारे उपकरण, बंद असले तर ते नकाशावरून गायबच होते.

यात सगळा दोष अ‍ॅपचा नाही. विलंबाचे कारण किती कळते, हे त्या त्या देशाची हवाई यंत्रणा किती उघड करते यावर ठरते. अमेरिकेची हवाई वाहतूक यंत्रणा एफएए कोणत्या विमानतळासाठी उड्डाणे रोखली आहेत, कारण काय आणि सरासरी विलंब किती, हे सर्वांसाठी खुले ठेवते. अ‍ॅपही ते विमानतळाच्या पानावर नीट दाखवते. २८ एप्रिल २०२५ रोजी न्यूयॉर्कजवळच्या नेवार्क विमानतळाची वाहतूक सांभाळणाऱ्या फिलाडेल्फियातल्या नियंत्रकांचे रडार आणि रेडिओ सुमारे ९० सेकंद बंद पडले, आणि पुढे धावपट्टीच्या कामाच्या काळात एफएएने तिथे ताशी २८ आगमने आणि २८ निर्गमने अशी मर्यादा घातली. असा आकडा जाहीर असला की प्रवाशाला स्वतःचा अंदाज बांधता येतो. मुंबईच्या धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. तिथली गर्दीच्या तासांतली, उड्डाणे आणि अवतरणे मिळूनची मर्यादा ताशी ४६ वरून ४४ वर आणण्याचा आदेश २०२४ च्या सुरुवातीला निघाला, तोही जाहीरच होता. एकाच धावपट्टीवर ताशी ५५ पर्यंत हालचाली उरकणारे लंडनचे गॅटविक त्याच्या शेजारी ठेवून पाहिले, की क्षमतेचा आकडा किती गोष्टींवर अवलंबून असतो ते लक्षात येते. अ‍ॅपच्या विमानतळ-पानावर धावपट्टीची लांबी आहे, वारा आहे, तापमान आहे. ताशी क्षमता मात्र कुठेच नाही, आणि जाहीर झालेले आकडे तरी तिथे द्यायला काय हरकत होती, हे मला आजवर कळलेले नाही.

मोठा बिघाड झाला की अ‍ॅपची ही मर्यादा फार ठळक होते. २८ ऑगस्ट २०२३ रोजी ब्रिटनच्या हवाई नियंत्रणाची उड्डाण-आराखडे वाचणारी प्रणाली एका आराखड्यावर अडली. त्या आराखड्यात एकच नाव असलेले, पण हजारो मैल अंतरावरचे दोन मार्गबिंदू, म्हणजे हवाई मार्गावरची नाव दिलेली ठिकाणे, होते. मुख्य प्रणाली थांबली, पर्यायी प्रणालीनेही तोच आराखडा वाचला आणि तीही थांबली. रडार चालू होते, रेडिओ चालू होते आणि हवेतली विमाने सुखरूप होती, पण आराखडे हाताने भरावे लागल्याने क्षमता कोसळली आणि सात लाखांहून अधिक प्रवाशांना त्याची झळ बसली. त्या दिवसाची हालचाल मी नंतर अ‍ॅपमध्ये चालवून पाहिली. आकाशात कुठेही गोंधळ नाही, चिन्हे फक्त हळूहळू विरळ होत जातात. काय बिघडले आहे हे माहीत नसलेल्या माणसाला ती शांत दुपार वाटेल.

‘वक्तशीरपणा’ नावाच्या विभागाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. पंधरा मिनिटांच्या आतला उशीर उशीर धरायचा नाही, या सर्वमान्य प्रथेनेच तिथली टक्केवारी निघते. शिवाय कंपन्या वेळापत्रकातच जादा मिनिटे घालून ठेवतात, त्यामुळे अर्धा तास उशिरा सुटलेले विमानही ‘वेळेवर’ पोहोचते. तो विभाग मी उघडत नाही. उपग्रह-दिशादर्शनात (जीपीएसमध्ये) हस्तक्षेप होणाऱ्या भागांत, विशेषतः पूर्व भूमध्य समुद्र आणि बाल्टिकच्या बाजूला, विमाने कधीकधी भलत्याच ठिकाणी दिसतात. तिथे घाबरून जाऊ नये. बॅटरी बरीच खाते.

वर्षातून दोनदाच प्रवास करणाऱ्याने सशुल्क आवृत्ती घेण्याची गरज नाही. येणारे विमान कुठे आहे ते विनामूल्य आवृत्तीतही दिसते. सतत जोडउड्डाणे घेणाऱ्यांनी आणि ज्यांना या विषयात रस आहे त्यांनी जरूर घ्यावी, कारण जुनी हालचाल पाहण्याची सोय खरोखर दर्जेदार आहे. पाचपैकी साडेतीन गुण. त्यातला अर्धा गुण मी ‘निघाले’ या शब्दासाठी कापला आहे. चाक धावपट्टीवरून सुटल्याशिवाय तो शब्द दाखवू नये, अशी विनंती मी कंपनीला दोनदा लिहून कळवली. दोन्ही वेळा सूचना नोंदवून घेतल्याचे उत्तर आले. वर्गणीचे मागच्या महिन्यात नूतनीकरण केले आहे. आता फक्त येणाऱ्या विमानाची सूचना चालू ठेवली असून बाकीच्या सगळ्या बंद केल्या आहेत.