जाम झालेल्या ड्रॉप आर्मसाठी सी-आकाराचा पुलर

पंचवीस-तीस वर्षे चाललेल्या ट्रॅक्टरच्या स्टेअरिंग बॉक्सवरचा ड्रॉप आर्म, म्हणजे बॉक्सच्या शाफ्टवर बसून पुढची चाके वळवणारा दांडा, काढायचा असेल, तर दोन पायांचा साधा पुलर (घट्ट बसलेला भाग ओढून काढायचे अवजार) न घेता सी-आकाराचा, एकसंध घडवलेला पुलर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मी घेतलेला पुलर सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या हार्डवेअरच्या दुकानात ८५० रुपयांना मिळाला. त्यावर कोणत्याही कंपनीचे नाव नाही, आणि आमच्या जुन्या मॅसी फर्ग्युसन १०३५ वर वापरल्यानंतर त्याचे गुण आणि उणिवा दोन्ही नीट कळल्या.

ड्रॉप आर्म दातेरी शाफ्टवर दाबून बसवलेला असतो आणि वरून नटाने आवळलेला असतो. आपल्याकडच्या काळ्या मातीचा चिखल आणि पाणी त्या सांध्यात शिरते, गंज चढतो आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेत असल्यामुळे सांधा वर्षागणिक अधिकच घट्ट होत जातो. त्यात गाळप हंगामात उसाच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढताना हाच आर्म पुढच्या चाकांचा सगळा ताण सोसतो, आणि बॉल जॉइंट बदलण्यापुरतेच काम झाले तर मोठ्या नटाला वर्षानुवर्षे कोणी पाना लावत नाही.

अशा वेळी गावोगाव जो उपाय केला जातो, म्हणजे शाफ्टच्या टोकावर घण मारणे किंवा आर्म आणि बॉक्स यांच्यामध्ये छिन्नी ठोकणे, तो मला अजिबात मान्य नाही. टोकावरचा घाव थेट बॉक्सच्या आत, बुशांपर्यंत आणि दात्यांपर्यंत पोहोचतो, टोकाचे आटे चेपून नट परत चढेनासा होतो, आणि छिन्नीने ऑइल सील फाटते किंवा बॉक्सचे बीड, म्हणजे ओतीव लोखंडच, तडकते. आर्म निघतो, पण स्टेअरिंगमध्ये कायमचा ढिलेपणा येतो, आणि भरल्या ट्रॉल्यांसह सोलापूर-पुणे महामार्गावर जाणाऱ्या ट्रॅक्टरला तो परवडणारा नाही.

दोन पायांच्या पुलरचे पाय पिनांवर फिरत असल्यामुळे जोर वाढला की ते फाकतात आणि आर्मच्या गोलाईवरून निसटतात. शिवाय आर्म आणि बॉक्स यांच्यातली फट त्यांच्यासाठी अपुरी पडते. सी-आकाराच्या पुलरचा जबडा त्या फटीत सरळ जातो आणि मधला बोल्ट शाफ्टच्या बरोबर मध्यावर टेकतो, त्यामुळे ओढ तिरकी होत नाही. माझ्या पुलरमध्ये मात्र जबड्याची आतली कड ओबडधोबड सोडलेली होती. कानस मारून ती सपाट करेपर्यंत तो एका बाजूला कलत होता. बोल्टाचे आटेही जाड आहेत. बारीक आटे असते तर त्याच जोरात जास्त ओढ मिळाली असती. आटे कोरडे होते, त्यांना ग्रीस लावल्याशिवाय बोल्ट आवळू नये.

वापरण्याची रीत पुलरइतकीच महत्त्वाची आहे. चाकांना दगडांची उटी लावावी, आर्म आणि शाफ्ट यांवर समोरासमोर पंचची खूण करावी, कारण आर्म एक दाता जरी सरकून बसला तरी चाके दोन्ही बाजूंना सारखी वळत नाहीत. नट सैल करावा, पण पूर्ण काढू नये. आर्म अचानक सुटला तर तोच नट पुलरला अंगावर येण्यापासून अडवतो. गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू द्यावे. मग पुलर ताठ आवळून आर्मच्या गोल भागाला एका बाजूने जड हातोडी टेकवावी आणि दुसऱ्या बाजूने ठोके द्यावेत. आमच्या आर्मला एवढेही पुरले नाही, म्हणून गॅसच्या ज्योतीने फक्त आर्म तापवला. तीस मिलिमीटर भोक असलेले पोलाद दोनशे अंशांनी तापवले की भोक साधारण ०.०७ मिलिमीटरने वाढते, आणि गंजाची पकड सुटायला एवढा फरक पुरेसा ठरू शकतो. आर्म लाल होईपर्यंत मात्र कधीही तापवू नये, कारण त्याचे पाणी उतरते आणि स्टेअरिंगचा भाग मऊ पडणे जिवावर बेतू शकते. ऑइल सील जवळच असल्यामुळे बॉक्सवर ओली फडकी ठेवावीत, आणि तरीही सील बदलण्याची तयारी असावी.

दणक्यासारखा आवाज करत आर्म सुटला तेव्हा शाफ्टचे आटे शाबूत होते आणि बॉक्सला धक्का लागलेला नव्हता. याच कारणाने उणिवा असूनही मी हा पुलर घेण्याची शिफारस करतो. दुकानात जाण्यापूर्वी आर्म आणि बॉक्स यांच्यातली फट, आर्मची जाडी आणि शाफ्टचा व्यास मोजून न्यावा, जबडा त्या फटीत बसेल इतका पातळ आहे याची खात्री करावी, आणि पुलरबरोबर नवा नट व लॉक वॉशरही घ्यावा, कारण जुना वॉशर पुन्हा वापरण्याजोगा क्वचितच राहतो.