हजाराच्या आतला ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर: रेडिएटर फॅनच्या दुखण्यात किती कामाचा?

आमच्या छोट्या पेट्रोल गाडीच्या डॅशबोर्डवर तापमानाचा काटाच नाही. इंजिन थंड असलं की निळा दिवा, फारच तापलं की लाल. मधलं काहीच कळत नाही. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो, तेव्हा नेमकं हे मधलंच कळायला हवं असतं. म्हणून ईएलएम327 प्रकारचा साधा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर घेतला, म्हणजे गाडीच्या तपासणी सॉकेटला लावून इंजिनचे आकडे आणि दोषाचे कोड मोबाइलवर दाखवणारी डबी. अख्खा उन्हाळा आणि पावसाळा वापरून झाल्यावर लिहितोय.

तातडीचं कारण एसीचं होतं. हायवेला गाडी ठीक, पण फाटकावर किंवा बाजारात उभी राहिली की एसी गरम हवा फेकायचा, वेग धरला की पुन्हा गार. हे लक्षण फॅनचं. चालत्या गाडीला समोरचा वारा पुरतो, उभ्या गाडीत रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर दोन्हींची भिस्त फॅनवर. हायवेलाच तापत असती तर आधी कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी), थर्मोस्टॅट, वॉटर पंप आणि क्षारांनी चोक झालेला रेडिएटर बघावा लागला असता. आपल्याकडे बोअरचं पाणी सर्रास रेडिएटरमध्ये ओततात, त्यामुळे हा शेवटचा प्रकार भरपूर दिसतो.

स्टिअरिंगखालच्या 16 पिनांच्या सॉकेटमध्ये स्कॅनर लावला आणि मोबाइलवर टॉर्क अ‍ॅप उघडलं. दोषाचा कोड? एकही नाही! इथे बरेच जण फसतात. फॅनसाठीचा पी0480 हा कोड ईसीयू (इंजिनचा संगणक) ते रिले (फॅनची वीज चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) इथपर्यंतच्या सर्किटचा असतो. साध्या रिलेच्या गाडीत पुढे मोटर फिरली की नाही, हे ईसीयूला कळतच नाही. म्हणजे कोड नाही याचा अर्थ फॅन ठणठणीत, असा होत नाही.

खरा उपयोग झाला तो कूलंटच्या चालू आकड्याचा. गाडी सावलीत उभी करून इंजिन चालू ठेवलं. 92, 95, 98 आणि मग 102 अंश, तरी बॉनेटखाली फॅन गप्प. एसी लावल्यावर फॅन फिरायलाच हवा, तोही फिरला नाही. तिथेच इंजिन बंद केलं. गरम असताना रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही, आतलं दाबाखालचं पाणी थेट अंगावर येतं.

गॅरेजवाल्याचं पहिलं म्हणणं, "भाऊ, डायरेक्ट करी देसू, काही टेन्शन नही." म्हणजे रिले, ईसीयू सगळं बाजूला ठेवून फॅनला डॅशबोर्डवर वेगळा स्विच. खान्देशात हा उपाय इतका चालतो की लोकांना तो कंपनीचाच वाटतो. मला तो अजिबात मान्य नाही. घरातलं दुसरं कुणी गाडी घेऊन गेलं आणि स्विच दाबायचा राहिला, तर इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिनच्या डोक्याखालचं सील) जाणार, तो खर्च ठरलेला.

मी क्रमाने तपासायचा आग्रह धरला. फ्यूज शाबूत. शेजारचा हॉर्नचा रिले त्याच पिनांचा होता, तो फॅनच्या जागी लावून पाहिला, फरक नाही. मग मोटरचा प्लग काढून बॅटरीवरून थेट 12 व्होल्ट दिले. मोटर हलली नाही. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकल्यावर मात्र घरघरत सुरू झाली. ठोकल्यावर चालणारी मोटर म्हणजे आतले, वीज पोहोचवणारे कार्बनचे ब्रश झिजलेत. आणि हातातला प्लग पाहिला तर एका पिनेभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेलं, पिन काळी पडून सैल झालेली. नुसती मोटर बदलून तोच प्लग लावला असता तर नवी मोटरही काही दिवसांत बंद पडली असती. डायरेक्ट स्विचने तर काहीच साधलं नसतं.

मोटर आणि प्लग दोन्ही बदलल्यापासून फॅन 97 च्या आसपास सुरू होतो आणि 92 ला थांबतो. बाहेर 45 अंश असताना 95 च्या कूलंटला उष्णता टाकायला फक्त 50 अंशांचा फरक मिळतो, डिसेंबरच्या 12 अंशांच्या सकाळी तोच 83. उन्हाळ्यात फॅन जवळजवळ सतत फिरतो तो यामुळे, त्यात बिघाड नाही. शहाद्याहून तोरणमाळचा घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये एसी लावून चढलो, आकडा 100 च्या वर गेला नाही. पूर्वी अशा चढावर जीव टांगणीला लागायचा.

एकदा मात्र आकडा नेहमीपेक्षा तीन-चार अंश वर राहू लागला. ग्रिलमधून पाहिलं तर कंडेन्सरच्या जाळीवर कापसाच्या तंतूंचा धुळीत माखलेला थर. कापसाच्या जिनिंग गिरण्यांच्या रस्त्यांवर ज्यांची गाडी फिरते त्यांनी हे नक्की बघावं. मऊ ब्रश आणि कमी दाबाचं पाणी पुरतं, प्रेशरच्या पाण्याने जाळीचे पातळ पत्रे वाकतात.

स्कॅनरच्या तक्रारीही आहेत. ब्लूटूथ मधूनच तुटतं. साधं ब्लूटूथ आयफोनला चालत नाही, त्यासाठी वायफाय किंवा बीएलई (ब्लूटूथ लो एनर्जी) प्रकार घ्यावा लागतो. 'व्ही 2.1' लिहिलेल्या बऱ्याच नकलांत काही प्रोटोकॉल (गाडीशी बोलायच्या पद्धती) गाळलेले असतात, तेव्हा परत करायची सोय असेल तिथूनच घ्या. सॉकेटची 16 नंबरची पिन बॅटरीला कायम जोडलेली असते, गाडी बंद असली तरी स्कॅनर वीज खातो. चार दिवस गावाला जाणार असाल तर काढून ठेवा. 2013 च्या आधीच्या गाडीला घेण्यापूर्वी ओळखीच्या कुणाचा तरी लावून बघा, काही जुन्या गाड्यांशी तो बोलतच नाही.