परवानगीचा कागद खिशात, तरी गुन्हा आमच्यावर

चार-पाच पोरं, एक-दोन चेनसॉ (फांद्या कापायची मशीन), दोर, पट्टे आणि भाड्याचा टेम्पो, एवढ्यावर मुंबईत झाडछाटणीचा धंदा करणारे बरेच जण आहेत. हे त्यांच्यासाठी लिहितोय. खोटी परवानगी दाखवून आपल्याकडून झाडं छाटून घ्यायची एक फसवणूक चालते. तीत तुमच्या खात्यातून एक रुपयाही जात नाही, उलट ॲडव्हान्स वेळेवर जमा होतो, म्हणून संशयाला जागाच उरत नाही. आमच्यावर ही पाळी मे महिन्यात आली. नंतर ओळखीतल्या दुसऱ्या एका छाटणीवाल्यालाही त्याच धर्तीचा फोन आल्याचं कळलं, तेव्हा म्हटलं आता गप्प बसण्यात अर्थ नाही.

मे म्हणजे आमची सुगी. पावसाच्या तोंडावर पालिका आवाहन करते की खाजगी आवारातल्या झाडांच्या धोकादायक फांद्या परवानगी घेऊन छाटून घ्या. वर्षभर झाडाकडे मान वर करून न बघितलेल्या सोसायट्यांना मग एकदम जाग येते. फोन थांबत नाही. त्या गडबडीत पश्चिम उपनगरातल्या एका सोसायटीचा फोन आला. बोलणारा स्वतःला सेक्रेटरी म्हणवत होता. बोलणं अदबीचं, कुठे घाई नाही, घासाघीस नाही. कंपाऊंडच्या भिंतीला लागून रस्त्याच्या अंगाला दोन रेन ट्री आणि एक सोनमोहर, त्यांची छाटणी. परवानगीचं मी पहिल्याच वाक्यात विचारलं. तर हसून म्हणाला, "अहो, ती हातात आल्याशिवाय तुम्हाला त्रास दिला असता का?" थोड्या वेळात व्हॉट्सॲपवर कागद आला. जागा बघायला गेलो तेव्हा त्याची झेरॉक्सही दिली. जावक क्रमांक, गोल शिक्का, सही, झाडांची नावं, सगळं जागच्या जागी. जागा दाखवायला तो स्वतः गेटवर उभा होता आणि वॉचमन त्याला सलाम ठोकत होता. (वॉचमन गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येकालाच सलाम ठोकतो, ही गोष्ट वेगळी.)

अडतीस हजारांत काम ठरलं, आठ हजार तिथल्या तिथे यूपीआयने. वर म्हणाला, "लाकूडही तुम्हीच न्या, आम्हाला त्याचे पैसे नकोत." एकेकाळी हे खरंच आमिष होतं, कारण बेकरीवाले जळाऊ लाकूड उचलायचे. पण जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं, आणि त्या लाकडाचं गिऱ्हाईक आटलं. आता 'लाकूड फुकट न्या' म्हणणारा उपकार करत नाही, कचरा तुमच्या गळ्यात मारतो. टेम्पोच्या फेऱ्या आणि माल उतरवायची जागा, दोन्हींचा खर्च कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लिहा. या प्रकरणात मात्र लाकूड हा मुद्दाच नव्हता.

काम रविवारी ठेवलं, त्याच्या सांगण्यावरून. रविवारी रहदारी कमी असते, फांदी खाली सोडायला सोपं पडतं, त्यामुळे आम्हालाही ते पटलं. रविवारी वॉर्ड ऑफिस बंद असतं आणि कागद खरा की खोटा हे सोमवारपर्यंत कोणी सांगू शकत नाही, हा त्यातला खरा डाव.

आमचा वर चढणारा पोरगा सावंतवाडीकडचा, नारळावर वाढलेला. मोठी फांदी कशी उतरवायची हे त्याला सांगावं लागत नाही. खोडापासून हात-दीड हात पुढे आधी खालून खाच, मग थोडं आणखी पुढे सरकून वरून काप, म्हणजे वजनाने फांदी तुटताना खोडाची साल सोलपटून येत नाही. शेवटी उरलेला ठोंब, खोडाजवळ फांदीचा जो फुगीर गळा असतो तो शाबूत ठेवून काढायचा. खोडाशी अगदी सपाट कापलं तर जखम भरत नाही आणि आत कूज शिरते. पहिल्या झाडाच्या दोन फांद्या त्याने अशा सुरेख उतरवल्या. मग वरूनच ओरडला, "दादा, ही पार्किंगवरची सुकी फांदी तशीच ठेवायची?"

मी त्या फांदीखाली सरकून बघितलं. सोसायटीच्या आतल्या बाजूला, बरोबर गाड्यांच्या डोक्यावर, मांडीएवढी जाड फांदी पूर्ण वाळलेली. साल गळालेली, भुंग्यांनी पोखरलेली, जोराच्या वाऱ्यात खाली येईल अशी. धोक्याची छाटणी म्हणावी तर पहिला मान हिचा. तो गृहस्थ म्हणाला, "ती राहू द्या, ती पुढच्या टप्प्यात. आज फक्त रस्त्याची बाजू मोकळी करा. या उंचीपासून वर एकही फांदी नको." आणि हाताने उंची दाखवली. जिवंत, हिरवी बाजू साफ करायची आणि मेलेली फांदी ठेवायची? रेन ट्रीचा पसारा छत्रीसारखा असतो. एका अंगाचा सगळा भार काढला की झाड दुसऱ्या अंगाला ओढलं जातं, म्हणजे पहिल्या पावसात ते सोसायटीवरच यायचं. हे मी त्याला सांगितलं. त्याला त्याचं काहीच नव्हतं. "लिहून देतो ना," म्हणाला, आणि फोन आला म्हणून गेटबाहेर गेला. तो गेला तो गेलाच.

मशीन बंद करून मी त्याला फोन लावत होतो, तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या काकू खिडकीतून ओरडायला लागल्या. पाठोपाठ खरे सेक्रेटरी लुंगीवर खाली आले. त्यांनी कुणालाही बोलावलं नव्हतं. ज्याला मी सेक्रेटरी समजत होतो त्याला त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. काकूंनी तोवर १०० नंबर फिरवला होता. हवालदार आले, पंचनामा झाला, दोन्ही मशीन, दोर, कोयते मुद्देमाल म्हणून जमा. सोमवारी वॉर्डमधून उद्यान खात्याची माणसं येऊन बघून गेली. कागदावरचा जावक क्रमांक खरा निघाला, फक्त दुसऱ्याच सोसायटीचा. तिथे दोन नारळांच्या सुक्या झावळ्या काढायची परवानगी दिली होती.

नंतर तो कागद मी टेबलावर ठेवून बराच वेळ बघत बसलो. झाडांच्या नावांची ओळ बाकीच्या मजकुरापेक्षा केसभर तिरकी होती आणि तिथलं अक्षर थोडं जाड होतं. पत्त्याच्या ओळीभोवतीची पार्श्वभूमी शुभ्र, बाकी कागदाला झेरॉक्सची राखाडी छटा. शिक्क्याची कड पत्त्यावरून जायला हवी होती, ती पत्त्याजवळ येऊन तुटत होती. आणि तारीख बदलताना शहाण्याने कॅलेंडर बघितलं नव्हतं, ती रविवारची होती. फोनच्या छोट्या स्क्रीनवर यातलं काहीही दिसत नाही.

झाडांच्या मागे, शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर होर्डिंग आहे. रस्त्यावरून येताना या तीन झाडांमुळे त्याचा निम्मा भाग झाकला जात होता. हाताने दाखवलेली ती उंची कुठे लागत होती हे वेगळं सांगायला नको. माझा संशय मी जबाबात लिहून दिलाय, पुढचं पोलीस बघतील. १३ मे २०२४ ला घाटकोपरच्या छेडानगरला होर्डिंग कोसळून सतरा जणांचा जीव गेला. त्या सुमारास आसपासची झाडं होर्डिंग दिसावं म्हणून मारल्याच्या तक्रारी पेपरात आल्या होत्या, त्या मी वरवर वाचून पान उलटलं होतं. पूर्वी असली माणसं रात्री खोडाला भोकं पाडून विष घालायची. आता त्याऐवजी दिवसाढवळ्या आमच्यासारख्याला मजुरी देतात. स्वस्त पडतं आणि नाव आमचं लागतं.

नाव आमचंच का लागतं, हे नीट समजून घ्या. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ या कायद्यात झाड तोडणं म्हणजे नुसतं बुंध्यातून पाडणं नव्हे. जाळणं, कापणं किंवा कसलीही इजा करणं, हे सगळं त्यात येतं. आणि तोडणारा व तोडायला लावणारा दोघेही दोषी. तोडायला लावणारा फोन बंद करून बसला की हातात उरतो तो फक्त मशीनवाला. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळं संरक्षण मिळालं आहे. मुंबईतल्या जुन्या रस्त्यांवरचे जाडजूड रेन ट्री त्यात बसू शकतात. तेव्हा 'आम्ही झाड पाडलं नाही, फक्त फांद्या काढल्या' याचा पोलीस ठाण्यात उपयोग होत नाही. मी म्हणून बघितलंय.

तेव्हापासून आमची रीत अशी: परवानगीची पीडीएफ आली की ती छापायची आणि कामाच्या दिवसाआधी, कामकाजाच्या वारी, स्वतः त्या वॉर्डच्या उद्यान विभागात जाऊन जावक क्रमांक पडताळायचा. गिऱ्हाईक सोबत आलं तर उत्तमच. ज्याची परवानगी खरी असते त्याला यात राग येत नाही. "तुमचा विश्वास नाही का?" असं जो विचारतो, त्याचं काम मी सोडतो. कागदावर झाडाची जात आणि काय करायचं ते स्पष्ट हवं: सुक्या फांद्या, तोल साधण्यापुरती छाटणी, की पूर्ण झाड. झाड पूर्ण काढायचं असेल तर कायद्याप्रमाणे जाहीर नोटीस लागते, आणि ती झाडावरही दिसेल अशी लावावी लागते. खोडावर कसलीच नोटीस नाही आणि गिऱ्हाईक म्हणतंय मुळापासून काढा, तर टेम्पोतून दोरही उतरवू नका.

सोसायटीचं काम असेल तर लेटरहेडवर वर्क ऑर्डर, त्यावर सेक्रेटरी आणि चेअरमन दोघांच्या सह्या. आणि त्यांना भेटायचं ते सोसायटीच्या ऑफिसात. गेटवर भेटणारा माणूस कोणीही असू शकतो. आम्ही आता आदल्या दिवशी लिफ्टजवळच्या बोर्डावर चिठ्ठी लावायला सांगतो की उद्या अमुक झाडांची छाटणी आहे. काकूंसारखी दहा माणसं ती वाचतात. काही घोटाळा असेल तर मशीन सुरू व्हायच्या आत बोंब होते, आणि काम खरं असेल तर लोक आपल्या गाड्या हलवून ठेवतात, हा जादा फायदा.

झाडाकडेही बघा. धोका म्हणून बोलावलंय तर मोडकी, सुकी, गाड्यांवर किंवा वायरींवर आलेली फांदी आधी दाखवली जाईल. गिऱ्हाईक धोक्याची फांदी सोडून एकाच बाजूचा हिरवा पाला मागत असेल, तर झाडाच्या रेषेत मागे काय आहे ते रस्त्यापलीकडे जाऊन बघून या. होर्डिंग असेल, दुकानाचा नवा बोर्ड असेल, बिल्डरचा सॅम्पल फ्लॅट असेल.

आमच्या लाइनीत आणखी एक फसवणूक फिरते, थोडक्यात सांगतो. लष्करातला अधिकारी म्हणून फोन येतो, क्वार्टर्समधल्या नारळांचं काम आहे म्हणतो, गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र पाठवतो आणि पैसे 'मिलिटरी अकाउंट'मधून येतील म्हणून क्यूआर कोड स्कॅन करायला लावतो. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. गेलेच पैसे तर लगेच १९३० वर फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम पुढे सरकते.

आता, एवढं करूनही पोलीस आलेच तर. पळू नका, पोरांना पळू देऊ नका, कापलेला माल हलवू नका. आमच्या बाजूने उभं राहिलं ते व्हॉट्सॲपवरचं बोलणं, तो कागद आणि आठ हजारांची यूपीआय नोंद. पैसे रोख घेतले असते तर तो माणूस होता हे सिद्ध करायलाच जड गेलं असतं. चॅट डिलीट करू नका, फोन बदलला तर बॅकअप ठेवा. 'या उंचीपासून वर काढा' असलं काही गिऱ्हाईक तोंडी सांगू लागलं की तिथल्या तिथे त्याला मेसेज टाका: 'तुम्ही सांगितलं त्याप्रमाणे अमुक फांद्या काढतोय.' काम सुरू व्हायच्या आधीचे झाडाचे चारही बाजूंनी फोटो काढा. आमच्या फोटोंत ती सुकी फांदी आहे, आणि आमच्या वकिलांच्या मते केसमध्ये तीच सगळ्यात कामाची ठरेल.

जमा झालेली मशीन कोर्टातून सुपुर्दनाम्यावर (मागितली की परत हजर करू, असं लिहून देऊन) मिळतात, पण ती तुमची आहेत हे दाखवावं लागतं. एका चेनसॉचं सिरियल नंबर असलेलं बिल होतं, ती सुटली. दुसरी सेकंडहँड, बिलाशिवाय घेतलेली, ती अजून ठाण्यातच आहे आणि पावसाळ्याचं अर्धं काम आम्ही भाड्याच्या मशीनवर काढलं. सेकंडहँड घेताना विकणाऱ्याकडून साध्या कागदावर का होईना, नंबर, तारीख आणि सही घेऊन ठेवा.