स्क्लेरोडर्माच्या पेशंटला ‘ताकदीच्या पुड्या’ देणाऱ्यांपासून सावध राहा

माझ्या वहिनीला स्क्लेरोडर्मा आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटून कातडी ताठर करणारा आजार. थंडीत बोटं पांढरी-निळी पडणं, हातांची कातडी ताठरणं हे आमच्या घरात नवं नव्हतं. मागच्या वर्षी मात्र तिच्या मांड्यांतलं बळच गेलं. जमिनीवरून उठायला आधार लागायचा, वेणी घालताना हात वर धरवत नसत. या आजारात स्नायूंनाही सूज येऊ शकते. डॉक्टरांनी सीपीके (स्नायूंना इजा झाली आहे का ते दाखवणारी रक्ततपासणी) तपासून औषधं सुरू केली आणि गुण यायला काही महिने लागतील असं स्पष्ट सांगितलं.

पुड्या विकणारे लोक नेमका तोच वाट बघण्याचा काळ हेरतात. एका मंगल कार्यालयात शिबिर घेणाऱ्या माणसाने नाडी पाहून सांगितलं, “ताई, इंग्रजी औषधांनीच तुमचे स्नायू सुकलेत. ती आधी बंद करा.” महिन्याच्या पुड्यांचे साडेचार हजार, तेही रोख. पावती नाही, पुडीवर नाव नाही, आत काय आहे ते लिहिलेलं नाही.

पुड्या सुरू केल्यावर आठवड्याभरात वहिनीचे सांधे मोकळे झाले, भूक लागू लागली. मग चेहरा गोल सुजला, मांड्या आणखी बारीक झाल्या, कधी नव्हता तो रक्तदाब चढला. त्यावर हा माणूस म्हणतो, “आजार बाहेर पडतोय, पुडी दुप्पट करा!” याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो.

पुडी तपासून घेतली, तर त्यात स्टेरॉइड निघालं. सुरुवातीचा आराम त्याचाच आणि नंतरचा अशक्तपणाही बराचसा त्याचाच, कारण स्टेरॉइड फार दिवस घेतलं की मांड्या-दंडांचे स्नायू झिजतात. स्क्लेरोडर्मात धोका याहून मोठा आहे. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज १५ मिलिग्रॅमच्या वर गेलं, की रक्तदाब एकाएकी भडकून मूत्रपिंडं निकामी होण्याची शक्यता वाढते. म्हणून डॉक्टर ते जपून, मोजून देतात. पुडीत किती आहे हे कोण मोजणार?

वहिनीची मूत्रपिंडं वाचली. उरलेल्या पुड्यांसह आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिली आहे.

कुणाच्या घरी अशा पुड्या चालू असतील तर घाबरून एकदम बंद करू नका. शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवलेलं असू शकतं, आणि अचानक तोडणं जिवावर बेतू शकतं. आजच रक्तदाब मोजा, पुडी घेऊन संधिवाततज्ज्ञांकडे जा, आणि काहीही न लपवता सांगा.