मॅनिफोल्डचं गॅस्केट: अंगणात की गॅरेजात?

आयडलवर, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना, गाडी आचके देत होती. इंजिन तापण्याआधी इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) सांध्यावर कार्ब क्लीनर या साफसफाईच्या स्प्रेचा जरासा फवारा मारला, तर आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) लगेच बदलला. हवा तिथूनच शिरत होती, म्हणजे सांधा हवाबंद ठेवणारं गॅस्केट गेलं होतं. बदलायचं कुठे, घरी की गॅरेजात?

गॅरेजात काम लवकर उरकतं. पण घाईत जुनं गॅस्केट लोखंडी पट्टीनं खरवडलं, ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला, की गळती परत हजर. घरी प्लास्टिकची पट्टी वापरता येते. खरवडण्याआधी पोर्टमध्ये (इंजिनाच्या हवा घेणाऱ्या तोंडांत) कापडाचे बोळे कोंबायचे (मोजून हं, एक आत राहिला तर इंजिनच उघडावं लागेल), मग बोळे काढून, नवं गॅस्केट लावून बोल्ट मधून बाहेरच्या दिशेनं, दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानं आवळायचा पाना) नसेल तर हा नाद सोडा.

नागपुरात मे महिन्यात सकाळी ६ लाच बसायचं. दहानंतर पाना हातात धरवत नाही. मी घरीच केलं. मॅनिफोल्डमधून कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) जात असतं, तर मात्र मुकाट्यानं मिस्तरीकडे नेली असती.