बुडबुडे मीच दाखवले होते

खिडकीच्या फळीवर तेलाचा गोल डाग पडला होता. पुसून टाकला, तर दोन दिवसांनी पुन्हा तिथेच. वर उभी होती जुन्या औषधाची म्हणून घेतलेली बिनरंगी बाटली. हातात घेतली तर बोटं बुळबुळीत. साबणाने धुतली, आत ब्रश फिरवला, उन्हात पालथी घातली. वाळली तेव्हा ओळखूच येईना. आतून सगळीकडे दुधाळ, पाणी आटलेल्या पातेल्याच्या तळासारखी.

पुन्हा धुतली. ओली असेपर्यंत लख्ख, वाळली की परत धुरकट. तो मळ नव्हताच. बाटली वर्षानुवर्षं ओल्या मातीत राहिली की पाणी काचेतला क्षार ओढून घेतं आणि पृष्ठभागच खराब होतो. संग्राहक तिला ‘आजारी काच’ म्हणतात. बारीक खड्ड्यांत तेल बसलं की धुरकटपणा दिसेनासा होतो, एवढाच उपाय त्या विक्रेत्याने केला होता. ऊन तापलं, तेल ओघळलं आणि माझी सात बाटल्यांची खरेदी उघडी पडली. त्या सातांत खरोखर जुनी ही एकच निघाली, हे मात्र पुढचं.

जाहिरात फोनवर दिसली होती. मागून ऊन येणाऱ्या सात बाटल्या: तीन गडद जांभळ्या, दोन निळ्या, एक गोटीची आणि ही बिनरंगी. मला तेव्हा नुकताच हा नाद लागला होता. चार लेख वाचले होते, म्हणजे सगळं कळल्यासारखं वाटण्याइतपत. भेटायला गेले तर माणूस एकदम गरीब वाटला. एक बाटली हातात दिली आणि म्हणाला, “ताई, तुम्हीच बघा. तुम्हाला यातलं कळतं असं दिसतंय.”

बस्स. पुढचं सगळं मीच बोलले. काचेतले बुडबुडे मीच त्याला दाखवले आणि सांगितलं, ही हाताने फुंकलेली काच. जांभळा रंग उन्हाने येतो हेही मीच सांगितलं: पूर्वी काचेतली हिरवट झाक घालवायला मँगेनीज घालत, आणि अशी काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की जांभळी होते. निळीच्या अंगावरच्या उभ्या धारांवर बोट फिरवून म्हणाले, ही विषाची बाटली, अंधारातसुद्धा हाताला कळावी म्हणून अशी. तो मान डोलवत होता. “असं होय,” म्हणाला. “आम्हाला काय ठाऊक!” गोटीच्या बाटलीपाशी तर मी थांबलेच नाही. हायरम कॉडचं १८७२ चं पेटंट, गॅसच्या दाबाने गोटी वर जाऊन रबराच्या कड्याला चिकटते, पोरं गोटीसाठी बाटल्या फोडत म्हणून न फुटलेली दुर्मीळ, सगळं ऐकवलं. दोन महिन्यांची बचत मोजून दिली आणि वर त्यालाच फसवल्यासारखं वाटून मनात थोडी खजील झाले!

तेलाच्या डागानंतर सातही बाटल्या टोपलीत भरल्या आणि ओळखीच्या एका काकांकडे नेल्या. त्यांनी चाळीसेक वर्षं बाटल्या जमवल्यात, पण घरात मांडलेल्या फार तर डझनभर. त्यांनी जांभळी उचलली. रंगाकडे पाहिलंच नाही. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे काचेवर रेघ उमटते, त्या रेघेवर अंगठ्याचं नख ठेवलं आणि खालून वर नेऊ लागले. खांदा, मान, मग तोंडाची कड. नख कुठे अडलंच नाही, रेघ थेट कडेवरून पलीकडे गेली.

“हाताने केलेल्या बाटलीचं तोंड नंतर वेगळं घडवतात गं,” काका म्हणाले. “तिथे रेघ पुसली जाते. वरपर्यंत आली म्हणजे यंत्राची.” मायकेल ओवेन्सच्या बाटल्या बनवणाऱ्या स्वयंचलित यंत्राला पेटंट मिळालं १९०४ साली. मी तर त्या बाटल्या त्याच्या निदान तीस वर्षं आधीच्या ठरवून मोकळी झाले होते.

रंगाचंही तेच. उन्हाने येणारा जांभळा बहुतेक वेळा फिका असतो, पाण्यात शाईचा थेंब पडल्यासारखा. माझ्या वांगी रंगाच्या होत्या. मँगेनीजच्या काचेवर किरणांचा मारा करून असा गडद रंग झटपट आणता येतो, नाहीतर काच मुळातच रंगीत बनवता येते. माझ्या यांतल्या कुठल्या, ते काकांनी सांगितलं नाही. भट्टीत तापवली तर किरणांनी आलेला रंग उडतो म्हणे, पण बाटली तडकायचीही भीती. मी त्या भानगडीत पडले नाही.

निळ्यांची बुडं त्यांनी भिंगाखाली धरली. वर्षानुवर्षं फळीवर सरकलेल्या बुडावर ओरखडे वेडेवाकडे, सगळ्या दिशांना असतात, आणि तेही जिथे बूड टेकतं तेवढ्याच भागात. माझ्या बाटल्यांवर ते एका दिशेने होते, केस विंचरल्यासारखे. पॉलिश पेपर. गोटीची नवीच होती. तशा आजही बनतात. आणि बुडबुडे? ते आजच्या हातकामाच्या काचेतही हवे तेवढे मिळतात, मुद्दाम सोडताही येतात. माझी सगळी भिस्त नेमकी त्यांच्यावर होती.

विक्रेत्याला मेसेज केला. उत्तर लगेच आलं: “ताई, जुन्या आहेत असं मी कधी म्हटलं?” मी सगळे मेसेज वरपर्यंत चाळले. खरंच कुठे म्हटलं नव्हतं. पावती शोधली. त्यावर लिहिलं होतं, ‘शोभेच्या काचेच्या बाटल्या, ७ नग’. तक्रार करायची तर कशाच्या जोरावर? राग त्याच्यावर आहेच, पण त्याने मला खोटं सांगितलंय असं एक वाक्यसुद्धा माझ्याकडे नाही.

आता कुठेही गेले तरी बाटली आधी कोरडी करून मागते, कारण ओली आणि तेल लावलेली काच एकसारखीच खोटं बोलते. तोंडाचा आणि बुडाचा फोटो साध्या उजेडात मागवते. मागून ऊन पाडलेला नाही, त्यात सगळंच सुंदर दिसतं. साधारण कुठल्या काळातली, तेल-पॉलिश केलंय का, रंग मूळचाच का, हे लेखी विचारते आणि उत्तर येईपर्यंत स्वतः एक अक्षर बोलत नाही. बाटल्यांच्या बाबतीत गप्प बसणं मला अजून जड जातं.

जांभळ्या अजून खिडकीतच आहेत. सकाळी फरशीवर रंग पडतो तो छान दिसतो, त्याला मी काय करू? आजारी काचेची बाटली तिच्या धुरकट रूपातच आत कपाटावर ठेवली आहे.

परवा त्याच माणसाची नवी जाहिरात दिसली. तशाच तीन जांभळ्या, मागून तसंच ऊन. खाली लिहिलं होतं: ‘बुडबुडे बघा, हाताने फुंकलेली काच. रंग उन्हाने आलेला. हे आम्ही म्हणत नाही, एका जाणकार ताईंचं मत आहे.’