म्हाताऱ्या उंदराचं औषध : खाण्यातून की सिरिंजने?

दीड-दोन वर्षांच्या पुढचा पाळीव उंदीर घरात असला की आज ना उद्या रोज दोन वेळा औषध देण्याची पाळी येतेच. आयुष्यच मुळात दोन ते तीन वर्षांचं. छातीतली घरघर बहुतेकदा सगळ्यांत आधी येते, मग नर मागचे पाय ओढायला लागतो, मादीच्या काखेत नाहीतर पोटाखाली गाठ हाताला लागते. डॉक्टर वजन करून डोस ठरवतात, बाटली देतात आणि ‘दर १२ तासांनी’ म्हणतात. ते पोटात कसं घालायचं, हे मात्र घरी आल्यावर आपण आणि उंदीर मिळून ठरवायचं.

मार्ग दोन : आवडत्या खाण्यात मिसळून, किंवा सुई नसलेल्या सिरिंजने थेट तोंडात. पाण्याच्या बाटलीत औषध टाकणं हा तिसरा मार्ग कुणीतरी सुचवतंच, पण तो मी धरत नाही. आजारी उंदीर मुळात पाणी कमी पितो, कडू लागलं की आणखी कमी, आणि डॉक्सीसायक्लिनसारखं औषध उजेडात खराब होतं ते वेगळंच. वाफेचं यंत्र चांगलं आहे, पण ते सोबतीला. पोटातल्या औषधाची जागा ते सहसा घेत नाही.

हा निर्णय एका आजारपणापुरता नसतो, हे आधी लक्षात घ्यावं. छातीच्या दुखण्यामागे बहुधा मायकोप्लाझ्मा पल्मोनिस हा जंतू असतो. तो बहुतेक पाळीव उंदरांच्या अंगात लहानपणापासूनच असतो आणि अँटिबायोटिकने दबतो, पुरता जात नाही. वय वाढेल तसा तो पुन्हा डोकं वर काढतो. म्हणजे आज जी पद्धत लावाल तीच पुढे आठवडेच्या आठवडे, कदाचित शेवटपर्यंत चालवायची आहे.

खाण्यातून देण्याच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे, आणि ते मी मनापासून बोलतो. धरपकड नाही, टॉवेल नाही, किंचाळणं नाही. जनावराला आपण औषध घेतोय याचा पत्ताही नसतो. वजन उतरत चाललेल्या उंदराच्या पोटात त्या निमित्ताने दोन घास जास्त जातात. मेलॉक्सिकॅमसारखं वेदनाशामक पातळ औषध बहुधा गोडच असतं, ते तर नुसतं चमच्यावर धरलं तरी चाटून साफ होतं. कामावर निघायच्या घाईत सकाळचा डोस अर्ध्या मिनिटात उरकतो.

करायचंच असेल तर गोळा वाटाण्याएवढाच करावा, मोठा नको. कुस्करलेलं केळं किंवा बाळांसाठी मिळणारं गुळगुळीत खाणं चालतं. दही, दूध, चीज मात्र टाळलेलं बरं. डॉक्सीसायक्लिन आणि एन्रोफ्लॉक्सासिन, म्हणजे छातीसाठी हमखास लिहून दिली जाणारी दोन्ही औषधं, कॅल्शियमला चिकटतात आणि मग अंगात कमी उतरतात. हे बाटलीवर लिहिलेलं असेलच असं नाही. आणखी एक गंमत : उंदीर सोबत्याच्या श्वासाला ज्या खाण्याचा वास येतो ते खाणं जास्त विश्वासाने खातो. त्यामुळे तेच खाणं, अर्थात बिनऔषधाचं, आधी सोबत्याला चाटवलं आणि दोघांना एकमेकांचं तोंड हुंगू दिलं, की पुष्कळदा काम सोपं होतं.

आता जिथे माझं गाडं अडलं ते सांगतो. आमचा ढोल्या मोठ्या अंगाचा नर होता आणि खाण्याच्या बाबतीत अजिबात चिकित्सक नव्हता. गोळा दिसला की दोन्ही हातांनी घ्यायचा, पाठ फिरवायचा आणि कोपऱ्यात न्यायचा. तिथे कडेकडेने चाटायचा. मध्ये कडू लागलं की थांबायचा, हनुवटी अंथरुणाच्या कापडावर या बाजूने घासायचा, त्या बाजूने घासायचा, मग उरलेलं तसंच पिंजऱ्यात टांगलेल्या कापडी झोळीखाली दाबून ठेवायचा. संध्याकाळी कापड उचललं की खाली वाळलेला पिवळट डाग, त्याला दोन-चार केस चिकटलेले. आणि ढोल्या समोर बसून मिशा साफ करतोय, जणू त्याचा काही संबंध नाही.

हे वरवर किरकोळ आहे. थोडं सांडलं तर सांडलं, असं वाटतं. पण उंदराचा डोस बघा. एक मिलिलिटरचा दहावा भाग, फार तर पाव. एवढ्याशा थेंबातलं किती कापडाला लागलं, किती गालावरच्या केसांत राहिलं आणि किती पोटात गेलं, हे डाग बघून कुणी सांगू शकत नाही. मग प्रश्न येतो : पुन्हा थोडं द्यायचं का? अँटिबायोटिक कमी पडलं तर जंतू दबत नाही. वेदनाशामक दुप्पट गेलं तर मूत्रपिंडाला आणि पोटाला त्रास, आणि म्हाताऱ्या नराचं मूत्रपिंड तसंही थकलेलं असतं. रोज दोन वेळा डाग निरखत हा हिशेब करत बसायचं. मला वैताग आला तो याचा.

त्याहून मोठी अडचण आठवड्याभराने कळते. घरघर कमी झालेली नसते. डॉक्टर विचारतात, ‘औषध नीट जातंय ना?’ आणि आपल्याकडे खरं उत्तर नसतं. औषध लागू पडत नाही की औषध पोहोचतच नाही, या दोन्ही गोष्टी बाहेरून अगदी सारख्या दिसतात. एकीत औषध बदलायला हवं, दुसरीत नको. उगाच बदललं तर हाताशी असलेला एक चांगला पर्याय वाया गेला, आणि उंदरासाठी असे पर्याय ढीगभर नसतात. डोस पोटात गेला याची खात्री नसेल तर पुढचा प्रत्येक निर्णय अंदाजावर चालतो. माझ्यापुरता तराजू सिरिंजकडे कलला तो तिथेच.

दुसरी गोष्ट उंदराच्या स्वभावातलीच आहे. उंदराला उलटी होत नाही. त्याच्या शरीरात ती सोयच नाही. म्हणून चुकीचं काही खाल्लं जाऊ नये यासाठी त्याची सगळी भिस्त चवीच्या आठवणीवर. जॉन गार्सिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली हे दाखवून दिलं : सॅकरिनचं गोड पाणी पिताना उंदरांवर किरणोत्सर्गाचा मारा केला, आणि पुढे ते उंदीर त्याच गोड पाण्याकडे पाठ फिरवू लागले. नंतरच्या प्रयोगांत दिसलं की चव आणि मळमळ यांत काही तासांचं अंतर असलं तरी उंदीर दोष चवीलाच देतो, आणि धडा शिकायला त्याला बहुतेकदा एकच वेळ पुरते.

आता हेच आपल्या केळ्याला लावा. अँटिबायोटिकने पोटात ढवळलं, तर उंदराच्या लेखी गुन्हेगार केळं. औषध बंद झालं तरी केळं बंदच. पुढच्या वेळी दुसरं खाणं शोधा, मग तिसरं. आजारात आवडीचं खाणं हा एकच धागा हातात असतो. वजन घसरायला लागलं, कडक दाणे चावेनासे झाले, की त्याच दोन-तीन मऊ गोष्टींवर उंदीर तगतो. त्या औषधापायी आधीच नासवून बसलो तर मग द्यायचं काय? सगळ्यांच्या बाबतीत हे होतंच असं नाही. काही उंदीर महिनोन्‌महिने औषधाचं केळं मिटक्या मारत खातात, आणि तुमचा त्यातला असेल तर मी काही बोलणार नाही.

पिंजऱ्यातली मंडळी हाही एक उपद्रव आहेच. उंदीर एकटा ठेवत नाहीत, आजारीही नाही. त्यामुळे गोळा देताना धडधाकट सोबती मध्ये घुसतो. तेवढ्यापुरतं वेगळं करावं, विषय संपला.

सिरिंजबद्दल लोकांना जी भीती वाटते ती खोटी नाही. उंदीर एरवी नाकानेच श्वास घेतो. नाक चोंदलेलं, छाती भरलेली, आणि वर आपण त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून तोंड उघडायला बघतोय. धापा टाकणाऱ्या उंदराला असं धरणं खरोखर धोक्याचं आहे. घाईने दट्ट्या दाबला तर औषध श्वासनलिकेत जाऊ शकतं. शिवाय रुसवा येतो तो वेगळा. सिरिंज दिसली की झोळीच्या पार आतल्या टोकाला पळ काढणारे उंदीर मी बघितले आहेत.

पण यातलं पुष्कळसं धरण्याच्या पद्धतीवर आहे. समोरून दातांवर टोक लावून काही होत नाही. उंदराच्या पुढच्या दातांमागे मोकळी जागा असते आणि गालांच्या घड्या आत येऊन ती बंद करतात. समोरून सोडलेलं औषध त्या पडद्याला अडतं आणि हनुवटीवरून खाली येतं. टोक बाजूने, ओठाच्या कोपऱ्यातून त्या मोकळ्या जागेत सरकवायचं आणि किंचित मागे जिभेकडे वळवायचं. डोकं वर करायचं नाही, चारही पाय टेकलेले राहू द्यायचे. एक थेंब, थांबायचं, गिळल्याची हालचाल दिसली की दुसरा थेंब. पाव मिलिलिटरला एवढी सबुरी परवडते. एक मिलिलिटरची बारीक सिरिंजच घ्यावी, मोठीवर इतका लहान डोस मोजताच येत नाही.

आणि शक्य असेल तर सिरिंजची ओळख आजारपणाआधीच करून द्यावी. उंदीर वर्षाचा असताना, काहीही दुखत नसताना, अधूनमधून सिरिंजमधून पातळ केलेलं गोड खाणं चाटवायचं. आमच्या पिंगी नावाच्या मादीला मी हे सवयीने करत आलो होतो. पुढे तिला औषध लागलं तेव्हा ती जाळीशी येऊन स्वतःच टोक दातांत धरायची. पहिल्या कडू थेंबाला माझ्याकडे बघायची ते बघायची, पण तोवर डोस आत गेलेला असायचा. धरपकड लागलीच नाही. मग लगेच वर एक गोड चाटण, आणि तेही औषधात कधीही न मिसळलेलं. हा क्रम मोडू नये. औषध आधी, बक्षीस नंतर, आणि दोघांची चव वेगळी.

अगदीच कडू औषध असेल तर मी मधला रस्ता काढतो. डोस मोजून घेतो, त्यात तेवढंच गोड, दाटसर काहीतरी मिसळतो आणि ते सगळं पुन्हा सिरिंजमध्ये भरतो. खाण्याची चव, सिरिंजचं माप. यासाठी जे खाणं वापराल ते त्याच्या जिवाभावाचं नसावं, म्हणजे गेलंच तर ते जाऊ दे. कुठल्या औषधात काय मिसळलेलं चालतं हे मात्र डॉक्टरांना विचारून घ्यावं.

मग खाण्यातून कुणी द्यावं? माझ्या मते, ज्याचा उंदीर आत्ता या घडीला तोंड उघडून श्वास घेतोय आणि ज्याने सिरिंज कधी पाहिलेलीच नाही, त्याने आज झटापट करू नये. चमच्यावर थोडं घेऊन चाटवावं, आणि इतकी धाप असेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवावं. गोड वेदनाशामकालाही चमचा पुरतो. फक्त चमचा आपल्या हातात हवा आणि साफ होईपर्यंत तिथेच थांबायला हवं, पिंजऱ्यात ठेवून निघून जायचं नाही. म्हाताऱ्या माद्यांना कधीकधी मेंदूजवळच्या पिट्युटरी ग्रंथीत गाठ होते. त्यात पुढच्या पायांचा ताबा जातो आणि घास हातात धरता येत नाही. अशा वेळी गोळा देण्यात अर्थच नसतो. गिळण्याचीही खात्री नसते, म्हणून सिरिंजनेसुद्धा अगदी पातळ काही सोडू नये. दाटसर करून, थेंबाथेंबाने, आणि मध्ये भरपूर थांबून.

बाकी सगळ्यांसाठी, म्हणजे घरघर आहे पण खातोपितो, पाय ओढतो पण डोळे लकलकीत आहेत अशा उंदरासाठी, मी बापडा सिरिंजच सुचवीन. पहिले काही दिवस कटकट होते, नाही असं नाही. पण दट्ट्या तळाला टेकला की डोस संपला, आणि रात्री कापड उलटून बघायची गरज उरत नाही. त्याच वेळी वजनही करून टाकावं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक डबा ठेवला की झालं. औषध नक्की जातंय आणि तरी वजन उतरतंय, एवढं ठामपणे सांगता आलं की डॉक्टरांनाही पुढचा विचार करता येतो.

प्रत्येक औषधाला वेगळी सिरिंज ठेवा आणि तिच्यावर रंगीत चिकटपट्टी लावा, कारण धुऊन धुऊन आकडे पुसट होतात आणि ०.१ कुठे ते अंदाजाने बघावं लागतं. दट्ट्याचं रबर कोरडं पडून अडकायला लागलं की सिरिंज टाकून द्या. अडकलेला दट्ट्या जोर लावला की एकदम सुटतो आणि अख्खा डोस एका दणक्यात तोंडात जातो.